बाण लागला की नाही, हे कोण सांगणार?

गुडगावचं गुरुग्राम झालं ते २०१६ साली. हे द्रोणाचार्यांचं गाव अशी तिथली श्रद्धा. पण याच शहरातल्या खांडसा गावात एकलव्याचंही मंदिर आहे. ध्यानाचा विषय निघाला की इथल्या कचेऱ्यांमधली शिकली-सवरलेली तरुण मंडळी एकलव्याची बाजू घेतात. कानात इअरफोन, मोबाईलवर अ‍ॅप, श्वासाकडे दहा मिनिटं लक्ष. शिक्षक हवा कशाला? एकलव्याला कोण शिकवायला बसलं होतं? प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणूनच त्याचं उत्तर द्यायला हवं.

एकलव्य धनुर्विद्या शिकत होता. बाण लागला की हुकला, हे तिथे डोळ्यांना दिसतं. चूक कळायला दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. ध्यानात असं बाहेरचं लक्ष्य नसतं. बसल्या बसल्या आलेली गुंगी शांतता वाटते. आत दाबून टाकलेला राग जिंकल्यासारखा वाटतो. मिटल्या डोळ्यांपुढे थोडा उजेड दिसला, अंगावर शहारा आला, की आपण पोचलो असं वाटतं. जे मन तपासायचं तेच तपासनीस. मग निवाडा करायचा कुणी? सूचना पुस्तकात मिळतात, अ‍ॅपवरही मिळतात आणि त्या बऱ्याचदा चांगल्या असतात. पण अ‍ॅप बोलतं, ऐकत नाही. ध्यानाच्या शिक्षकाचं खरं काम ऐकण्याचं आहे.

बुद्धाला कुणी शिकवलं, असाही सवाल येतो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांनी. बोधिवृक्षाखाली एकटा बसण्याआधी सिद्धार्थ या दोघांकडे राहिला, त्यांना येत होतं ते सगळं शिकला, ते अपुरं आहे हे ओळखलं आणि मगच निघाला. सतिपट्ठानाचा, म्हणजे सजगतेच्या ध्यानाचा उपदेश त्याने केला तो कुरू देशातल्या कम्मासधम्म इथे, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या मुलखात. तोही समोर बसलेल्या भिक्खूंना.

वेळ मिळाला की माणूस आपला आपण शिकेल, असं म्हणणाऱ्यांनी तिहार तुरुंग आठवावा. वेळ तिथल्या कैद्यांइतका कुणाकडे होता? राग आणि पश्चात्तापही होता. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथे विपश्यनेचं शिबिर झालं. एप्रिल १९९४ मध्ये विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी स्वतः सुमारे हजार कैद्यांचं शिबिर घेतलं, आणि पुढे तुरुंगातच कायमचं केंद्र उभं राहिलं. शिकवणारी माणसं त्या भिंतींच्या आत जाऊन बसली, म्हणून हे घडलं. मौनात जुना संताप उसळून वर येतो तेव्हा ‘हे असं होतं, बसून राहा’ किंवा ‘आज इतकं पुरे’ हे ठरवणारं कुणीतरी समोर लागतं. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्यांनी भीती, उडालेली झोप, जग खोटं वाटणं असे अनुभव सांगितले आहेत. सांगणाऱ्यांत स्वतः ध्यान शिकवणारेही होते. शिक्षक असला की त्रास होणार नाही, असं मी म्हणत नाही. पण नोएडातल्या चौदाव्या मजल्यावर रात्री दोन वाजता एकट्याला हे झालं, तर त्याने सांगायचं कुणाला?

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरोखर जड आहे. आसाराम बापू या गुरूविरुद्धची तक्रार ऑगस्ट २०१३ मध्ये दिल्लीच्याच कमला मार्केट पोलीस ठाण्यात नोंदली गेली. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारासाठी त्याला जन्मठेप दिली. ज्या आईबापांनी विश्वासाने लेक त्याच्या हवाली केली होती, त्यांना ‘गुरूशिवाय गती नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगणार नाही. जो भक्ती मागतो, पैसा मागतो, एकांतात बोलावतो, प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यापेक्षा अ‍ॅप हजारपटीने बरं. पण यातून निघतं ते शिक्षक पारखून घ्यावा एवढंच. शिक्षकच नको, हे निघत नाही.

पारखायचं कसं, हे गोएंकांच्याच गोष्टीत आहे. १९५५ च्या सुमारास ते अर्धशिशीने हैराण होऊन रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन सरकारी नोकर, ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले. मठ नाही, भगवी वस्त्रं नाहीत. केवळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी या श्रीमंत व्यापाऱ्याला सांगितलं. येणाऱ्याचा हेतू विचारणं आणि तो चुकीचा असेल तर नाही म्हणणं अ‍ॅपला कधीच जमणार नाही.

गोएंकांची शिबिरंही ध्वनिफितींवर चालतात, मग फरक काय, असं कुणी म्हणेल. फरक दुपारच्या वेळेत आहे: सहायक आचार्य बसलेले असतात आणि साधक एकेक करून त्यांना आपली अडचण विचारतो. दिल्लीहून सोहन्याजवळचं धम्म सोत किंवा सोनीपतजवळचं धम्म पट्ठान गाठता येतं. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. आणि निरोप देताना सांगतात ते घरी जाऊन सकाळ-संध्याकाळ एकेक तास आपलं आपण बसायला. तिथून पुढच्या एकट्याने बसण्याला माझी कसलीच हरकत नाही.