‘व्यक्तिगत शिक्षणा’चा बाजार आणि कष्टकऱ्यांची बालके

प्रत्येक बालक वेगळे असते. म्हणून प्रत्येकाला त्याच्या गतीने आणि त्याच्या कलाने शिकवणारे यंत्र हवे, असा प्रचार गेली दहा वर्षे शिक्षणाच्या बाजारात अखंड चालू आहे. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. पण तो कोणत्याही स्टार्टअप कंपनीचा शोध नव्हे. हाती पाटी-पेन्सिल देणाऱ्या प्रत्येक चांगल्या शिक्षिकेला तो ठाऊक होता. उत्तरार्ध मात्र विक्रेत्याचा आहे. खऱ्या विधानाच्या खांद्यावर बसवून आपला माल घराघरात पोचवणे ही भांडवली जाहिरातीची जुनी रीत. येथे फरक इतकाच, की या मालाचे गिऱ्हाईक म्हणजे तीन ते आठ वर्षांचे मूल आहे.

भरभराट आणि दिवाळे

या धंद्याचे खरे स्वरूप समजून घेण्यासाठी बायजूज या कंपनीचा इतिहास पुरेसा आहे. २०११ साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २०१५ साली आपले ॲप बाजारात आणले. २०१६ साली फेसबुकच्या मालकाच्या, झुकेरबर्गच्या, संस्थेचे भांडवल तिच्यात आले. २०१९ च्या जानेवारीत तिने लहान मुलांसाठी शैक्षणिक खेळ बनवणारी ऑस्मो ही अमेरिकन कंपनी १२ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि त्याच वर्षी डिस्नेची पात्रे घेऊन पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी ॲप काढले. २०२२ साली या कंपनीचे बाजारमूल्य २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते.

हे मूल्य कशाचे होते? २०२०-२१ या वर्षाचा हिशेब दीड वर्षाच्या विलंबाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तोटा साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला. पुढच्याच महिन्यात अडीच हजार कर्मचाऱ्यांच्या कपातीची घोषणा झाली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने मेस्सी या जगप्रसिद्ध फुटबॉलपटूला आपला दूत नेमले. डिसेंबरमध्ये, पालकांच्या गळी अभ्यासक्रम उतरवण्याच्या पद्धतींबाबत, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखाला समन्स काढले. कंपनीने आरोप नाकारले. अखेर १६ जुलै २०२४ रोजी, क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५९ कोटी रुपयांच्या थकबाकीपायी, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्धची दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली.

बुर्झ्वा वृत्तपत्रे ही एका महत्त्वाकांक्षी उद्योजकाच्या चुकांची गोष्ट म्हणून सांगतात. व्यक्तीच्या चुका असतील. पण व्यवस्थेचा नियम त्याहून मोठा आहे. गुंतवलेल्या पैशाला वर्षागणिक दुप्पट-तिप्पट फुगायचे असते. मूल मात्र दुप्पट वेगाने मोठे होत नाही. म्हणून वाढ शिक्षणात नव्हे, विक्रीत शोधावी लागते. वर्गात फळ्यासमोर उभे राहणाऱ्यांपेक्षा दारोदार माल खपवणारे महत्त्वाचे ठरतात, आणि ‘तुमचे मूल मागे पडेल’ ही आईबापांच्या मनातली भीती कच्चा माल बनते.

यंत्र काय पाहते?

‘जुळवून घेणारे’ ॲप प्रत्यक्षात काय करते, हे नीट पाहिले पाहिजे. मूल पडद्यावर बोट टेकवते. उत्तर बरोबर की चूक, किती वेळ लागला, सूचना किती वेळा मागितली, याची नोंद होते. त्या नोंदींवरून मुलाला ते कौशल्य कितपत आले असावे याचा संभाव्यतेच्या गणिताने अंदाज बांधला जातो आणि पुढचा प्रश्न सोपा वा कठीण निवडला जातो. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ‘शिकवणारे यंत्र’ दाखवले, तेव्हाची मूळ कल्पना हीच होती: लहान पायरी, तत्काळ बक्षीस, पुढची पायरी.

या हिशेबात जे मोजता येते तेच उरते. मूल उपाशी आले आहे की नाही, घरी वारली, गोंडी की अहिराणी बोलतात, काल रात्री त्याला ताप होता का, शेजारच्या मुलाला आपला खाऊ द्यायला ते शिकले का, हे पडद्याला दिसत नाही. आणि जे दिसते त्याची मालकी मुलाकडे राहत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील शैक्षणिक ॲप व संकेतस्थळांचा तपास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८९ टक्के साधनांचे माहिती हाताळण्याचे व्यवहार बालहक्कांना बाधक वा धोकादायक आढळले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बालकांवर पाळत ठेवण्यास मनाई केली. पण त्याच कलमात सवलती देण्याचा अधिकार सरकारने स्वतःच्या हाती ठेवला.

विरोध यंत्राला नव्हे

येथे नेहमीचा आक्षेप येतो: कम्युनिस्ट प्रगतीचे शत्रू आहेत काय? यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतला भेद मार्क्सने शतकापूर्वीच स्पष्ट केला आहे. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमावर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांची गणित व हिंदीतील प्रगती दिसली, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती मुले बहुतांशी माध्यमिक शाळेच्या वयाची होती. ती केंद्रात एकत्र येत होती. आणि संगणकाइतकाच वेळ त्यांना माणूस शिकवत होता. या पुराव्यावर चार वर्षांच्या मुलाच्या हाती एकट्याने फोन देण्याचा धंदा उभा करणे ही निव्वळ लबाडी होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक पडदा नको, कमी तितका बरा, असे सांगितले आहे.

शिवाय फोन आहे कोणाकडे? टाळेबंदीच्या काळात १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० वंचित मुलांची पाहणी ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ आदींनी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली अवघी ८ टक्के. त्याच संकटात केरळने वेगळा मार्ग धरला. १ जून २०२० पासून सार्वजनिक व्हिक्टर्स वाहिनीवरून पाठ विनामूल्य सुरू झाले. तंत्र तेथेही होते, नफा नव्हता.

जुळवून घेणारी माणसे

बालकाशी जुळवून घेणारे शिक्षण या देशात पूर्वीच जन्मले आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्या शाळा वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून आला. त्याच वर्षी, त्याच वारली मुलखात, किसान सभेच्या लाल बावट्याखाली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एकीकडे बाप वेठ नाकारत होता, दुसरीकडे लेकरू शिंपले आणि बिया मांडून मोजायला शिकत होते. दोन्ही गोष्टी एकाच मुक्तीच्या होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून हा शब्द देशभर गेला. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्या चालवणाऱ्या स्त्रियांना राज्यकर्त्यांनी काय दिले? ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन महिना ४,५०० रुपये ठरवले. त्यानंतर वर्षानुवर्षे ते तेथेच राहिले. कामगार म्हणून वेतन नाही, ‘मानधन’! मात्र पोषण ट्रॅकर हे ॲप त्यांच्या माथी मारण्यात दिरंगाई झाली नाही. ते इंग्रजीत, आणि दिलेले मोबाईल निकृष्ट; म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. तंत्रज्ञानाला घाबरून नव्हे, तर आपल्या श्रमाचा अवमान नाकारून त्यांनी हे केले. ‘व्यक्तिगत शिक्षणा’वर प्रवचने झोडणाऱ्यांनी या स्त्रियांपुढे बसून धडे घ्यावेत.

मागणी कोणती?

प्रश्न ॲप चांगले की वाईट एवढाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. सहा वर्षांखालील मुले त्यातून वगळली. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीच उजळणी केली. ते लक्ष्य आजवर एकदाही गाठले गेलेले नाही. महाराष्ट्रात २०२३ साली कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याचा घाट घातला गेला. सरकारने मोकळी केलेली हीच जागा भांडवल बाजारपेठ म्हणून व्यापते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि शिक्षकांना पुरेसा पगार मागितला. ती मागणी अजून जुनी झालेली नाही.

म्हणून अंगणवाडी सेविकांच्या, शिक्षकांच्या आणि पालकांच्या संघटनांनी एकत्र येऊन निश्चित मागण्या मांडल्या पाहिजेत: सहा वर्षांखालील बालकांना शिक्षण व पोषणाचा कायदेशीर हक्क, सेविका व मदतनिसांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन, एकही सार्वजनिक शाळा बंद नाही, मातृभाषेतले, विनामूल्य, सार्वजनिक मालकीचे शैक्षणिक साहित्य, आणि बालकांच्या माहितीच्या व्यापारावर विनाअपवाद बंदी.

ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे मूल फडावर सहा महिने राहते. त्याच्या गतीने आणि त्याच्या कलाने शिकवायचे असेल, तर फडावर बालवाडी लागते, शिक्षिका लागते, पोटभर जेवण लागते. २२ अब्ज डॉलरच्या कंपनीला हे मूल दिसले नाही, कारण ते गिऱ्हाईक नव्हते. कष्टकऱ्यांच्या चळवळीला ते दिसलेच पाहिजे, कारण ते तिचे स्वतःचे मूल आहे.