तिकीट कोण देतं, ते विचारा

नर्मदेच्या पाण्यात गेलेल्या मणिबेलीकडच्या बाईचं मत घ्यायला सरकार होडीत बसून जातं. पण त्याच बाईने उमेदवारी मागितली तर? पक्षाचा जिल्हाध्यक्ष तिला दारातही उभं करणार नाही.

नंदुरबार लोकसभा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव. १९८१च्या पोटनिवडणुकीपासून २०१४पर्यंत माणिकराव गावित सलग नऊ वेळा निवडून आले. २०१४ आणि २०१९ला हीना गावित, २०२४ला गोवाल पाडवी. दोघंही शिकलेले, दोघांचेही वडील आमदार आणि मंत्री राहिलेले. बाईला दार उघडलं खरं, पण घरातल्या घरात!

याच जिल्ह्यात, शहाद्याच्या चळवळीत, १९७२नंतर आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्या लेकीसुना आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागांवर बसतात, कारण तसा कायदा आहे. जिथे कायदा नाही तिथे काय? २०२४ला जिल्ह्यातले चारही आमदार पुरुष. विधानसभेत २८८पैकी २१ बायका, महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७.

ही मेख अर्जेंटिनातल्या बायकांनी फार आधी ओळखली. तिथे खासदारकीसाठी मत पडतं पक्षाच्या यादीला, आणि यादीतले वरचे निवडून येतात. म्हणून पक्ष बायकांना तळाला ढकलत. १९९१ साली तिथे कायदा झाला: यादीत किमान ३० टक्के स्त्रिया हव्यात, त्याही निवडून येतील अशा क्रमांकावर, नाहीतर यादीच नामंजूर. पक्षांनी पळवाटा काढल्या, बायका कोर्टात गेल्या. १९९३ला नियम आणखी आवळला. २०१७ला वाटा निम्म्यावर आला.

आपल्याकडे? विधेयक १९९६ला मांडलं, २०२३ला मंजूर केलं, आणि त्याला जनगणना व मतदारसंघ फेररचनेची शेपटी लावली. २०२४ची निवडणूक जुन्याच रीतीने झाली. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि दाराला कडी लावायची, असा हा प्रकार.

तिकीटवाटपाला मात्र जनगणना लागत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बाई निवडून येत नाही.’ २०१९ला ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१पैकी ७ तिकिटं बायकांना दिली. त्यातल्या ५ निवडून आल्या. मतदार अडवत नाहीत, अडवतात ते पक्षाचे पुढारी.

आपल्याकडे एका मतदारसंघातून एकच खासदार. त्यामुळे हरणाऱ्या जागा बायकांच्या गळ्यात मारतील, हा धोका खरा आहे. म्हणून मागणी नेमकी हवी. लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करा: प्रत्येक राज्यात पक्षाच्या उमेदवारांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि पक्षाने मागच्या वेळी जिंकलेल्या जागांतही तेवढाच वाटा. आदिवासी राखीव जागांवरही हाच हिशेब, म्हणजे नंदुरबारही त्यात आलं. आणि हे न पाळणाऱ्या पक्षाला त्या राज्यात निवडणूक चिन्ह मिळता कामा नये.

पुढच्या वेळी प्रचाराची गाडी पाड्यावर आली की मैत्रिणींनो, रस्ता-पाणी मागालच. त्याआधी तिकिटांची यादी मागा.