फुले, मुले आणि ख्रिस्त : एका सोयीस्कर फाळणीविषयी

१

मराठी काव्यसमीक्षेने रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१-१९१९) 'फुलांमुलांचे कवी' ही उपाधी दिली, आणि त्या उपाधीबरोबर स्वतःची एक सोयही करून घेतली. फुले आणि मुले मराठी कवितेच्या वाट्याला आली. ख्रिस्त चर्चच्या वाट्याला गेला. टिळकांची निसर्गकविता व कौटुंबिक कविता 'वाङ्मयीन' ठरली. त्यांचे अभंग, भजने आणि अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' ही 'धर्मप्रचारपर' रचना ठरली. पहिल्या दालनात समीक्षक जातो. दुसऱ्या दालनाची किल्ली त्याने मिशनच्या इतिहासकाराच्या हवाली केली आहे. ही वाटणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाटणी आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचाही विसर पडावा.

प्रश्न एका कवीला न्याय मिळण्यापुरता मर्यादित नाही. श्रद्धा हा अनुभव साहित्यकृतीत येतो तेव्हा त्याचे काय होते, या प्रश्नाला मराठी समीक्षा कोणते उत्तर देते, हे येथे पणाला लागले आहे. श्रद्धा हा कवितेला बाहेरून चिकटवलेला मजकूर आहे असे मानले, तर ती खरवडून काढल्यावर 'शुद्ध' कविता हाती लागली पाहिजे. टिळकांच्या बाबतीत ती तशी लागत नाही. श्रद्धा खरवडली की फूलही सोबत निघून येते, आणि हाती राहतो तो पाठ्यपुस्तकातला निर्जीव गोडवा. टिळक 'गोड' आणि 'भाबडे' वाटतात ही तक्रार नेहमीची आहे. तो गोडवा कवीचा किती आणि समीक्षेने केलेल्या या शस्त्रक्रियेचा किती, हे मात्र तपासले जात नाही.

२

हाच निकष इतरत्र लावला जात नाही, ही यातली पहिली विसंगती. भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याची कविता 'कृषिविषयक' आणि 'धर्मविषयक' अशी दुभंगून वाचावी असे कोणी सुचवलेले नाही. जनाबाईच्या जात्याला देवाचा हात लागतो तेव्हा ते जाते लोकजीवनाच्या दालनात आणि तो देव संप्रदायाच्या दालनात, अशी विभागणी होत नाही. वनातल्या झाडांशी नाते सांगणाऱ्या तुकारामांना 'निसर्गकवी' म्हणून वेगळे काढले, तर पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थीही हसेल. तेथे सर्वांना मान्य आहे की मळा, जाते आणि झाड हीच भक्तीची जागा आहे.

दुसरी विसंगती इंग्रजीच्या वर्गात दिसते. जेरार्ड मॅनली हॉपकिन्स (१८४४-१८८९) हा जेझुइट धर्मगुरू. त्याच्या हयातीत जवळजवळ अप्रकाशित राहिलेली कविता रॉबर्ट ब्रिजेसने १९१८ साली प्रसिद्ध केली. त्याच्यातला कवी मोठा की धर्मगुरू, असा वाद तिकडेही झाला. पण त्या वादातून एक समज पक्की झाली. हॉपकिन्सच्या कवितेतला प्रत्येक पक्षी, प्रत्येक पान आपापल्या वेगळेपणासह उभे असते, कारण त्या वेगळेपणावर निर्मात्याची मुद्रा आहे अशी कवीची दृष्टी आहे. दृष्टी बाजूला केली तर पक्षीही दिसत नाही. हे विवेचन शिकवणारा प्राध्यापक मराठीच्या तासाला टिळकांची फुले एका ताटात आणि ख्रिस्त दुसऱ्या ताटात वाढतो, तेव्हा त्यामागे सिद्धान्त नसतो. केवळ सवय असते.

सवयीचे एक मूळ शब्दात आहे. 'निसर्ग' आणि 'सृष्टी' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'सृज्' हाच धातू आहे. आधुनिक मराठीत मात्र 'निसर्ग' हा आपोआप असणाऱ्या, कोणी न केलेल्या पसाऱ्याचा वाचक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी रोमँटिक कवितेच्या संस्काराने 'निसर्गकविता' हा प्रकार मराठीत नावारूपाला आला, आणि त्याची व्याख्याच निर्माता वगळून झाली. टिळकांच्या कवितेचा विषय 'सृष्टी' होता. तिचे वाचन 'निसर्ग' या शीर्षकाखाली होत राहिले.

३

या फाळणीच्या बाजूने तीन आक्षेप घेता येतात, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप कालक्रमाचा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. फुलांची ओढ त्याआधीची. मग फूल आणि ख्रिस्त एकाच मुळाचे कसे? हा आक्षेप धर्मांतराला घरबदल समजतो : जुने सामान टाकले, नवे आणले. टिळकांची स्वतःची साक्ष याच्या उलट आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी पोचलो, असे ते सांगत. पूल ओलांडणारा माणूस वाटेतले सारे ऐलतीरी टाकून जात नाही. 'वनवासी फूल' या दीर्घ कवितेत रानातल्या फुलाशी संवाद होतो, आणि त्यातून प्रवृत्ती-निवृत्तीचा पेच उभा राहतो : जगापासून दूर, निष्कलंक राहावे, की माणसांत येऊन झिजावे? ते फूल अलंकार म्हणून आलेले नाही. त्याला विचारता येते, त्याच्याशी वाद घालता येतो. अशा फुलाशी कवीचे नाते शेजाऱ्याचे असते. निर्मिलेली वस्तू देव नसते आणि मायाही नसते; ती आपल्यासारखीच कोणाची तरी असते, म्हणून तिच्याशी सोयरीक जमते. ख्रिस्ती सृष्टिविचाराचा गाभा हाच आहे, आणि टिळकांच्या कवितेला तो बाप्तिस्म्याने दिला नाही. बाप्तिस्म्यात त्याला नाव मिळाले.

येथे बालकवींशी होणारी तुलना उद्बोधक ठरते. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०-१९१८) अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंची माया त्यांना मिळाली. घर एक, पण सृष्टी दोन. बालकवींचा निसर्ग स्वप्नासारखा फुलतो आणि 'पारव्या'त तितक्याच सहज उदास होतो. तो कवीच्या मनाचा विस्तार आहे. टिळकांचे फूल किंवा पाखरू कवीच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. 'केवढे हे क्रौर्य' मधील घायाळ पक्षीण पिलांकडे परतण्यासाठी धडपडते, तेव्हा कविता मनोवस्थेचे चित्र काढत नाही. ती एका जिवावर झालेल्या अन्यायाची फिर्याद मांडते. चिमणी भूमीवर पडते तीही पित्याच्या नजरेआड नाही, असे शुभवर्तमान सांगते. ते वचन कवीच्या मनात होते की नव्हते, हा प्रश्न गौण आहे. फिर्याद ऐकणारा कोणी आहे या गृहीतावर ती कविता उभी आहे, एवढे तिच्या रचनेतूनच दिसते. बालकवी अधिक थोर कवी आहेत, असे कोणी म्हणावे. ते म्हणणे मान्य करूनही दोन निसर्ग एका मापाने मोजता येत नाहीत, हे उरतेच.

दुसरा आक्षेप सौंदर्यशास्त्रीय. श्रद्धावान कवीला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून त्याच्या कवितेत शोध नसतो. टिळकांच्या बऱ्याच भजनांवर हा आरोप लागू पडतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. उपासनेची गरज भागवण्यासाठी लिहिलेली रचना उपासनेत खरी ठरते; कविता म्हणून ती पुष्कळदा सपाट असते. पण सपाटपणाचे कारण श्रद्धा असते तर तुकारामही सपाट ठरते. कारण दुसरे आहे : जेथे श्रद्धेला वस्तू भेटत नाही, फूल, मूल, भूक, मरण यांपैकी काही आडवे येत नाही, तेथे ती नुसते विधान उरते. हा निकष टिळकांच्या दोन्ही दालनांना सारखाच लावता येतो. तो लावल्यास 'अभंगांजली'तल्या काही रचना वाङ्मयीन दालनात येतील आणि फुलांवरच्या काही लोकप्रिय कविता तेथून बाहेर जातील.

तिसरा आक्षेप सत्तेचा, आणि तोच सर्वांत जड. ख्रिस्ती धर्म येथे साम्राज्याच्या सावलीत आला. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्याच भूमीत त्याआधी देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते. मराठी भाषेच्या थोरवीसाठी फुलांच्या आणि परिमळांच्या उपमा योजणारा हा इंग्रज जेझुइट त्या व्यवस्थेच्या बाहेर नव्हता. हे झाकून त्याच्या ओव्यांचे कौतुक करणे ही बौद्धिक अप्रामाणिकता होईल. परंतु सत्तेचा इतिहास दाखवून दिला म्हणजे कृतीचे वाचन संपले, असे मानणे ही दुसरी अप्रामाणिकता. बेथलेहेमची कथा ओवीत सांगायची तर ती ओवीच्या अटींवर सांगावी लागते, आणि त्या अटी गोव्याच्या विजेत्यांनी घातलेल्या नव्हत्या. टिळकांचा प्रवास तर अधिकच बोलका आहे. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केल्यावर १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. या माणसाच्या कवितेला मिशनची पावती समजणारी समीक्षा नेमकी कोणाची बाजू घेते?

४

फाळणीचा सर्वांत मोठा तोटा 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाला झाला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथनाची (१९३४-१९३६) स्तुती करताना समीक्षेचे शब्द ठरलेले असतात : साधेपणा, निर्व्याजता, विनोद, घरगुती बोली. श्रद्धा हा त्यात चरित्राचा एक टप्पा म्हणून नोंदवला जातो. पण या ग्रंथाचा आरंभ कोठे होतो ते पाहावे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याने सारे घर वेठीला धरले आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नाही. त्या घरात वस्तुमात्रच संशयित आहे. पाणी, धान्य, माणसाचा स्पर्श, सारे काही विटाळाच्या शक्यतेने भरलेले. तेथून निघालेली ही बाई, नवरा ख्रिस्ती झाल्यानंतरच्या वियोगातून आणि वेगळ्या चुलीच्या दिवसांतून जात, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला स्वतःच्या विचाराने पोचते. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय आधी होतो, बाप्तिस्मा नंतर.

'सृष्टी चांगली आहे' हा उत्पत्तीच्या ग्रंथातला निर्णय येथे घडा, चूल आणि ताट यांच्या पातळीवर पुन्हा दिला जातो. धुतल्याशिवाय हात न लावण्याच्या जगातून हात लावण्याजोग्या जगात येणे, हे या ग्रंथाचे आशयसूत्र आहे. लक्ष्मीबाईंचा विनोदही याच सूत्राला बांधलेला आहे. वस्तू पवित्र-अपवित्र या धाकातून मोकळी झाली की तिच्याकडे पाहून हसता येते. पैसा हाती न टिकू देणाऱ्या नवऱ्यावर, स्वतःच्या फजितीवर, पाहुण्यांच्या गर्दीवर हसता येते. हे हसू शैलीचा दागिना नाही. ते तिच्या श्रद्धेचे रूप आहे. ख्रिस्ताच्या दाखल्यांतही पिठात कालवलेले खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी झाडलेले घर, पेरणाऱ्याचे बी हीच सामग्री आहे. स्वयंपाकघर हे ईश्वरविचाराचे स्थान असू शकते, हे समजण्यासाठी लक्ष्मीबाईंना धर्मशास्त्राची परिभाषा लागली नाही. समीक्षेला ती परिभाषा उपलब्ध असूनही हे दिसले नाही.

५

दोष केवळ लौकिक समीक्षेचा नाही. ख्रिस्ती वाचकांतील एका वर्गाने 'स्मृतिचित्रे' साक्षीचे पुस्तक म्हणून वाचले : अंधारातून प्रकाशाकडे. त्या वाचनात लक्ष्मीबाईंचे रुसवे, भांडणे आणि टवाळी अडचणीची ठरतात. एकाने ख्रिस्त वगळून फुले ठेवली, दुसऱ्याने फुले वगळून ख्रिस्त ठेवला, कात्री एकच.

अलीकडच्या पर्यावरणवादी समीक्षेने तिसरी वाट काढली आहे. तिच्यापुढे लिन व्हाइट यांचा १९६७ सालचा निबंध असतो. माणसाला सृष्टीचा स्वामी ठरवणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर त्यात निसर्गविनाशाचे मोठे उत्तरदायित्व ठेवले आहे. या आरोपाला उत्तर म्हणून 'सर्व धर्म निसर्ग पूजतात' असा गुळगुळीत समन्वय पुढे केला जातो. तो टिळकांच्या कामाचा नाही. त्यांचे फूल पूज्य नाही. ते सहजीव आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर हुकूम चालत नाही. पूजा न करताही जपता येते, ही त्या विचाराची धार आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या लढ्यात बागायती आणि हिरवळ वाचवण्यासाठी उभे राहून हेच दाखवले. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाचे सूर निघाले. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्या विरोधाला संकुचित म्हणणे सोपे आहे. परंतु 'साहित्यिक वेगळा, ख्रिस्ती वेगळा' हे त्यातले गृहीत रस्त्यावर जन्मलेले नव्हते. ते अभ्यासक्रमात आणि वाङ्मयेतिहासात आधीच तयार होते.

ख्रिस्ती मराठी साहित्याला सहानुभूतीची गरज नाही. अल्पसंख्याकांचे दालन म्हणून त्याला एक प्रकरण बहाल करणे हाही दूर ठेवण्याचाच सभ्य प्रकार आहे. 'वनवासी फूल', 'अभंगांजली' आणि 'स्मृतिचित्रे' एका टेबलावर ठेवून एकाच निकषाने वाचावीत, एवढीच मागणी आहे. त्या वाचनात टिळकांची काही भजने गळतील, काही फुलेही कोमेजतील. उरेल ती कविता मात्र अर्धी नसेल.