किल्ल्यांचा जुडगा

गेल्या महिन्यात बेळगावच्या एका जुन्या पेठेत, परिचयाच्या लोखंडी सामानाच्या दुकानी बसण्याचा योग आला. मालकांनी सत्तरी ओलांडली आहे. किल्ल्यांचा जुडगा अद्याप त्यांच्याच कमरेला असतो. चौतिशीचा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो, पण ठिबक सिंचनाचे साहित्य ठेवावे, पंपदुरुस्तीची सोय करावी, असे त्याने सुचवताच वडिलांचे उत्तर ठरलेले : “मी आहे तोवर दुकान असेच चालेल.” मला पोचवावयास तो पायरीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “काका, पुण्यास नोकरी पत्करावी म्हणतो.”

मन खिन्न झाले. याच गावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत. तिच्याशी त्यांना झगडावे लागले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र विसरतो. लक्ष्मणरावांनी पुत्र शंतनुराव यांना यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले. १९२६ साली ते परतले व कारखान्यात रुजू झाले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा नवा उद्योग उभा राहिला, तेव्हा लक्ष्मणराव हयात होते. पुतणे शंकरराव यांचा ओढा चित्रकलेकडे व लेखनाकडे. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे कोणी म्हटले असते तर नवल नव्हते! पण त्यांच्याच हाती १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले आणि कारखान्याच्या त्या पत्रातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या उशाशी ते असे.

म्हणजे वडीलधाऱ्यांनी मुलांना केवळ गादी दिली नाही, चुकण्याची मुभाही दिली. ज्याने स्वतः मळलेली वाट सोडली, त्याने मुलास मात्र मळलेल्या वाटेवरच चालावयास सांगावे, हा न्याय नव्हे.

अर्थात तरुणांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वडिलांची भीती सर्वस्वी खोटी नसते. उधारी कोणास द्यावी, कोणास नाकारावी, हे ज्ञान त्यांनी पदरचे पैसे घालवून मिळवलेले असते. म्हणून सगळी तिजोरी न मागता एक कोपरा मागावा. ठरावीक भांडवल, वेगळी वही, एका वर्षाची मुदत. नफा झाला तर दोघांचा. तोटा झाला तर तो शिक्षणाचा खर्च समजावा, आणि वडिलांनी तो पुन्हा बोलून दाखवू नये.

हे सारे मी त्या मालकांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, “त्या नांगराला लगेच गिऱ्हाईक मिळाले होते का हो?”

“नाही,” मी म्हणालो.

किल्ली अद्याप दिलेली नाही. पण दुकानामागील खोली झाडून घेतली आहे, असे कळते.