पोस्टरवरची बोटं मोजून काय कळतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्व्हलच्या 'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स'ची पोस्टर्स आली आणि लोक ती झूम करून बघायला लागले. एका पोस्टरवर गर्दीतल्या माणसाच्या हाताला चारच बोटं दिसत होती, काही चेहरे पुन्हा पुन्हा आल्यासारखे वाटत होते. लगेच चर्चा सुरू झाली, "हे एआयने बनवलंय!" पोस्टरसाठी एआय वापरलेलं नाही, असं मार्व्हलने स्पष्ट केलं. तरी शंका काही गेली नाही.

आता प्रत्येक पोस्टरची अशीच तपासणी होते. पण बोटं मोजून पोस्टर चांगलं की वाईट हे कळतं का?

एकच विषय, दोन अर्थ

१९७९चा 'एलियन' घ्या. पोस्टर जवळजवळ पूर्ण काळं. मधोमध एक अंडं, त्याला खाली भेग आणि भेगेतून बाहेर पडणारा हिरवट प्रकाश. ना हिरो, ना यान, ना राक्षस. आतून काहीतरी बाहेर येणार एवढंच कळतं, आणि भीती तिथेच सुरू होते.

आता १९८२चा 'ई.टी.' बघा. इथेही परग्रहवासी आणि अंधारात चमकणारा प्रकाश आहे. पण तो प्रकाश दोन बोटं जिथे एकमेकांना टेकतात तिथे आहे. एक बोट मुलाचं, दुसरं लांब, सुरकुतलेलं. चित्रकार जॉन अल्विन यांनी ही कल्पना मायकेलअँजेलोच्या 'आदमची निर्मिती' या भित्तिचित्रावरून घेतली होती. एका पोस्टरवर प्रकाश म्हणजे धोका, दुसऱ्यावर मैत्री. रंग आणि उजेडाला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. शेजारी काय ठेवलंय आणि काय लपवलंय, त्यावरून तो ठरतो.

मग एआयचं काय चुकलं?

एप्रिल २०२४ मध्ये ए२४ या कंपनीने 'सिव्हिल वॉर'च्या प्रचारासाठी इन्स्टाग्रामवर एआयने बनवलेली चित्रं टाकली. शिकागोचे मरिना सिटीचे जुळे टॉवर प्रत्यक्षात शेजारी-शेजारी आहेत, चित्रात ते नदीच्या दोन बाजूंना गेले. दुसऱ्या एका चित्रात सैनिकांच्या बोटीसमोर अवाढव्य हंस!

असं का होतं? इमेज मॉडेल निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्याने तो गोंधळ कमी करत प्रॉम्प्टशी जुळणारं चित्र तयार करतं. टॉवर 'कसे दिसतात' हे ते लाखो चित्रांवरून शिकलेलं असतं. ते नदीच्या कुठल्या काठावर आहेत, हे त्याने कुठे तपासलेलं नसतं.

पण टॉवरची जागा ही छोटी चूक. मोठी चूक म्हणजे ही दृश्यं सिनेमात नव्हतीच. सिनेमा आहे न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघालेल्या पत्रकारांचा. तुम्ही म्हणाल, 'एलियन'च्या पोस्टरवरचं अंडं तरी सिनेमातल्यासारखं कुठे आहे? बरोबर, ते बरंचसं कोंबडीच्या अंड्यासारखं दिसतं. पण ते सिनेमातली भीती खरी सांगतं. हंसाचं चित्र मात्र भलत्याच सिनेमाचं आमंत्रण देतं, आणि तिकिटाचे पैसे आपले जातात.

आता पोस्टर बोटभर झालंय

तुम्ही-आम्ही पोस्टर भिंतीवर कमी आणि ॲपमध्ये जास्त बघतो. त्या इवल्याशा चौकटीत रिकामा काळोख टिकत नाही, मोठा चेहरा टिकतो. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअर्सनी २०१७ मध्येच लिहिलं होतं की, तुम्ही आधी काय पाहिलंय त्यावरून एकाच सिनेमाचं वेगवेगळं चित्र तुम्हाला दाखवता येतं. रोमँटिक सिनेमे बघणाऱ्याला जोडी, विनोदी बघणाऱ्याला विनोदी नट. म्हणजे एकाच सिनेमाचं आश्वासन माणसागणिक बदलतं.

त्यामुळे पुढचं पोस्टर दिसलं की बोटं जरूर मोजा. पण सिनेमा बघून झाल्यावर ते पोस्टर पुन्हा एकदा उघडा आणि त्याने जे कबूल केलं होतं ते मिळालं का, हे तपासा. चित्र माणसाने काढलं असो वा मॉडेलने, ते निवडून तुमच्यापुढे ठेवणारं कुणीतरी असतंच. जाब त्यालाच विचारायचा.