कोनाचा पोट्टा हायेस तू?

राजेहो,

वऱ्हाडात नोकरी मागायला गेलेल्या पोराला पहिला प्रश्न शिक्षणाचा विचारत नाहीत. 'कोनाचा पोट्टा हायेस तू?' हा पहिला प्रश्न. 'गाव कोनतं?' हा दुसरा. 'आडनाव काय?' हा तिसरा. तिसऱ्या उत्तरावर मुलाखत खलास. सर्टिफिकेटांची फाइल उघडायचीही गरज पडत नाही. अमरावतीच्या दुकानात हेच, अकोल्याच्या दालमिलमध्ये हेच आणि पुण्या-मुंबईच्या काचेच्या हापिसातही हेच. तिथे फक्त गोड आवाजात विचारतात, 'फॅमिली बॅकग्राउंड काय?'

हल्ली करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांना ऊत आलाय. टाय बांधलेला वक्ता येतो नि सांगतो, नेटवर्किंग करा, ओळखी वाढवा, लिंक्डइनवर या, रेफरल मिळवा. पोरं वहीत उतरवून घेतात. माझा त्या वक्त्याला एकच सवाल आहे. ओळख वाढवायची ती कोणाशी? ज्याच्या मामाची फॅक्टरी आहे नि काका बँकेत मॅनेजर आहे, त्याला ओळख वाढवावी लागत नाही. ती त्याला मुंजीत मिळते, लग्नाच्या पंगतीत मिळते, आत्याच्या दिवाणखान्यात चहासोबत मिळते. आमच्या बापाच्या ओळखीचं कोण? जिनिंगमधला हमाल, रेल्वेतला गँगमन, नगरपालिकेचा झाडूवाला, पाटलाचा सालगडी. ही माणसं आम्हाला लाखमोलाची. पण त्यांचा शब्द जिथवर चालतो, तिथवरच आमची गाडी जाते.

मी गोदीत आलो तो असाच. गावचा माणूस आधी आलेला, त्याने मुकादमाच्या कानावर घातलं, मुकादमाने माझा खांदा बघितला. मॅट्रिकचं सर्टिफिकेट कोणी बघितलं नाही. म्हणजे आमचंही नेटवर्क आहे. पक्कं आहे. पण ते बोजा उचलायला नेतं आणि त्यांचं नेटवर्क सही करायला नेतं.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबर करायचा. जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आत घ्यायचा. आपली माणसं रिंग खात्यात, सफाईत लागली. पण विणखात्याचं दार बंद. तिथे पगार जास्त होता. कारण काय सांगायचे, तर धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो, महाराची थुंकी लागली तर सूत बाटेल! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कामगार एक म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की एक असाल तर विणखातं उघडा. त्या वेळी अनेकांना घाम फुटला.

आणि बाबासाहेबांपेक्षा मोठा बायोडाटा कोणाचा? कोलंबियात शिकलेला, लंडनला शिकलेला माणूस १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेला. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन बाहेर काढलं. नोकरी सोडून मुंबईला आले, शेअर-व्यवहाराच्या सल्ल्याचा धंदा काढला. जात कळली नि गिऱ्हाईक पळालं. आज जे शिबिरात म्हणतात की 'स्वतःला नीट प्रेझेंट करा', त्यांनी सांगावं, बाबासाहेबांनी स्वतःला प्रेझेंट करण्यात काय कमी ठेवलं होतं?

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी कायले उकरता? मग नवी ऐका. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी नि पॉल अटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास छापला. इंग्रजी पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. एक नाव सवर्ण, एक दलित, एक मुसलमान. बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाला जेवढी, त्याच्या दोन तृतीयांश दलित नावाला आणि एक तृतीयांश मुसलमान नावाला. अर्ज करणारा माणूस समोर आलाच नव्हता. कागदालाच विटाळ झाला!

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि त्याच दमात म्हणाले की घरची पार्श्वभूमी तर बघावीच लागते. २०१२ साली देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा हिशोब छापून आला. शंभरातले सुमारे त्र्याण्णव संचालक उच्चवर्णीय. अनुसूचित जाती नि जमाती मिळून चारसुद्धा नाहीत. हे आरक्षण कोणत्या घटनेत लिहिलंय? याची जातपडताळणी कोण करतो? आमच्या तेरा टक्क्यांवर दात खाणारे या त्र्याण्णवांना गुणवत्ता म्हणतात. वशिल्याच्या तट्टाला शर्यतीचा घोडा म्हणतात.

म्हणून आमचा पोरगा सरकारी जाहिरातीची वाट बघतो. तिथे निदान आडनाव आधी नि पेपर नंतर, असं नाही. पण तिथेही काय चाललंय? २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या वर नि अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्याला हजार रुपये, राखीवला नऊशे. बापाची तीन-चार दिवसांची मजुरी एका अर्जात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने नऊ कंपन्यांच्या हातून कंत्राटी माणसं घेण्याचा आदेश काढला. रस्त्यावर बोंब झाली, ऑक्टोबरात आदेश मागे घेतला. पण आदेश गेला म्हणून कंत्राटदार गेला नाही. दवाखान्यात, कॉलेजात, नगरपालिकेत तो बसलाच आहे. आणि कंत्राटदाराकडे बिंदुनामावली नसते. त्याच्याकडे फक्त ओळख असते. इकडे अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत आपली पोरं नि पोरी त्रेचाळीसच्या वयोमर्यादेकडे सरकताहेत.

मग काय, आपणही साहेबाच्या मागे हात जोडून फिरायचं? एखाद्या आमदाराची चिठ्ठी मिळवायची? नाही. चिठ्ठीने लागलेला माणूस जन्मभर त्या चिठ्ठीचा गुलाम असतो. मोर्चात तो दिसत नाही.

वशिला मोडता येतो. गोदीत एकेकाळी मुकादम दरवाजावर उभा राहून माणसं निवडायचा. ज्याने हात ओला केला तो आत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. ज्याची नोंद झाली त्याला नंबराने पाळी, काम नसेल त्या दिवशीही हजेरीचे पैसे. मुकादमाची मिजास कायद्याने नि संघटनेने उतरवली. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. कंटेनर आला, कंत्राटदार आला आणि त्याच्या मागोमाग मुकादम परत आला. एकदा मोडलेली गोष्ट राखली नाही तर ती परत उभी राहते.

रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या, असा १९५९ चा कायदा होता. खासगी मालकालाही लागू, पंचवीस माणसं कामाला असली की. पण त्यात मेख मारलेली होती. जागा कळवायची, माणूस तिथूनच घ्यायची सक्ती नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदा पोटात घेतला, कार्यालयाला 'करिअर सेंटर' असं झकास नाव दिलं आणि मेख तशीच ठेवली. ही मेख उपटा, जागा उघड्यावर आणा, खासगी क्षेत्रात आरक्षण द्या, ही आपली मागणी. त्यात तडजोड नाही.

पण मागणी करून थांबायचं नाही. आपल्या घरातलंही बघू. आपल्यातला जो नोकरीला लागला तो काय करतो? जाहिरात निघाली की आधी साळ्याला सांगतो. शेजारच्या पोराला शेवटच्या तारखेनंतर कळते. मांग वस्तीत तर कोणी सांगायला जातच नाही. पोरींना कोण सांगतं? त्यांच्या नोकरीची बातमी सोयरिकीच्या बातमीखाली गाडली जाते. १९५६ च्या मार्चात आग्ऱ्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून दाखवलं, ते याच शिकलेल्यांबद्दल. आपण गुपचूप ओळख वापरू लागलो तर त्यांच्यासारखेच झालो, फक्त आपली पंगत लहान.

तेव्हा काम सांगतो. इर्विन चौकात, अशोक वाटिकेत, प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक फळा लावा. जो नोकरीत आहे त्याने आपल्या खात्यातली, आपल्या कंपनीतली प्रत्येक जागा त्यावर लिहायची. पात्रता, फी, शेवटची तारीख. उघड, सगळ्यांसाठी. फी भरायला ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी डबा ठेवा. पगारदाराने त्यात टाकलेला पैसा दान नाही, देणं आहे.

दुसरं. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित कॉलेज, कृषी विद्यापीठ, सगळीकडे टाका. बिंदुनामावली दाखवा म्हणा. अनुशेष किती, कंत्राटावर माणसं किती, कोणाच्या मार्फत घेतली, लेखी द्या म्हणा. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. दिलं तर फळ्यावर चिकटवा. नाही दिलं तर अपील करा आणि आपण शंभर जण त्या दारात जाऊन बसू.

आणि तिथे कोणी विचारलं, 'कोनाचे पोट्टे हा रे तुम्ही?' तर बापाचं नाव ताठ मानेनं सांगा, आणि लगेच त्यांना विचारा, 'या खुर्चीवर तुम्हाले कोनं बसवलं?'

जय भीम!