करंडक कपाटात, दावा कोर्टात

आपल्या घरातली मुलं हल्ली अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे मूट कोर्टाच्या स्पर्धा जिंकू लागली आहेत. मग आपण काय करतो? शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात कोणीतरी 'सीमाभागाचं नाव उज्ज्वल केलं' म्हणतो, चहा-चिवडा होतो आणि मंडळी घरी जातात. या सत्कारांना आमचा विरोध आहे, हे स्पष्टच सांगतो. मुलांच्या कौतुकाला नव्हे, कौतुकावर थांबण्याला.

मूट म्हणजे वक्तृत्व स्पर्धा नव्हे. एक काल्पनिक खटला दिला जातो आणि संघाला दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं तयार करावी लागतात. सकाळी वादीच्या वतीने उभं राहायचं, दुपारी प्रतिवादीच्या. पंच मध्येच अडवतात, 'हे कोणत्या निकालात म्हटलंय?' तिथे आवाज चढवून भागत नाही, परिच्छेद क्रमांक सांगावा लागतो. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९९९ आणि २०१३ साली जेसप ही जागतिक स्पर्धा जिंकली ती अशाच तयारीवर. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तर प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन मूट सक्तीची आहेत, ३० गुणांची.

आता स्वतःकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण फेटाळला, योग्यच केलं. पण तो किती घरांत वाचला गेला? २००४ साली महाराष्ट्राने घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ८६५ गावांसाठी. कर्नाटकाचं म्हणणं असं की, राज्यांच्या सीमा ठरवणं हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम, कोर्टाने त्यात पडू नये. दावा आजही प्रलंबित आहे. या आक्षेपाला उत्तर काय, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना पाच मिनिटं सांगता येईल? 'बेळगाव आमच्या हक्काचं' ही घोषणा झाली, युक्तिवाद नव्हे. आम्ही बँकेत खतावणी सांभाळणारी माणसं. नावेची बाजू बघायची आणि जमेची झाकून ठेवायची, असं केलं तर तेरीज जुळत नाही, एवढं कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला कळतं.

कोणी म्हणेल, समोरच्याची बाजू आपल्याच मुलांच्या तोंडून वदवायची म्हणजे चळवळीशी द्रोह. अहो, कर्नाटकाचा वकील ती बाजू मांडणारच आहे. ती पहिल्यांदा दिल्लीच्या कोर्टात ऐकायची की आपल्याच सभागृहात, एवढंच ठरवायचं आहे.

रोजच्या गाऱ्हाण्यांचंही तेच. अर्ज मराठीत आहे म्हणून खिडकीतून परत येतो, आपण हुज्जत घालतो आणि वर्तमानपत्राला पत्र लिहितो. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. ही फट कशी बुजवायची, यावर आपल्या विजेत्या मुलांनी डोकं चालवावं. काल्पनिक खटले कशाला शोधायचे?

पालकांनाही दोन शब्द. करंडक मिळाला की मुलगा पुण्या-मुंबईच्या कंपनीत चिकटवण्याची घाई. इकडे खानापूर-निपाणीच्या कोर्टात कारभार कन्नड-इंग्रजीत आणि साक्षीदार मराठी. त्याचं म्हणणं नीट उतरलं की नाही, हे तिथल्या तिथे सांगणारा दोन्ही भाषांचा वकील हवा, आणि तो आपल्याच घरातून यायला हवा. बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेले के. के. वेणुगोपाल २०१७ साली देशाचे ॲटर्नी जनरल झाले. म्हणजे कॉलेज लांब नाही, गुणवत्तेचीही वाण नाही.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या सत्काराचे पैसे वाचवा आणि कलम १३१ विरुद्ध कलम ३ यावर मराठीतून खुली मूट घ्या. पंच म्हणून निवृत्त न्यायाधीश बोलवा. कर्नाटकाची बाजू आपल्या सगळ्यात हुशार संघाला द्या. कार्यकारिणीने पहिल्या रांगेत बसावं, मोबाईल बंद करून.